गळतीचा वैरी

गनीभाई शेख यांचं माणसांशी कधी वैर नव्हतं. भावकीत वाटणीवरून जुंपली तेव्हा ते आपणहून बाजूला झाले, आणि कारखान्यात युनियनचे दोन गट पडले तेव्हा दोन्हीकडचा चहा प्यायले. वैर होतं ते एकाच गोष्टीशी, गळतीशी. त्यातही पाण्याच्या गळतीशी नव्हे. पाणी गळलं तर आंधळ्यालाही पायाखाली लागतं. गनीभाईंची वैरीण होती हवेची गळती, जी दिसत नाही, साचत नाही आणि वर्षानुवर्षं कुणाच्या खिजगणतीत नसते.

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत लोखंडाच्या ओतकामाच्या एका कारखान्यात हवेच्या लाईनी सांभाळण्यात त्यांची उमर गेली. अशा कारखान्यात वीज जशी तारांतून फिरते तशी दाबाची हवा पाइपांतून फिरते. एका खोलीत कॉम्प्रेसर धडधडत टाकीत हवा कोंबत असतो, आणि तिथून ती हवा शेडभर जाऊन कुठे ग्राइंडर फिरवते, कुठे साचा दाबते, कुठे नुसती धूळ उडवते. पाइपांना सांधे मोजता येणार नाहीत इतके, आणि प्रत्येक सांधा कधी ना कधी फितूर होणारा. गनीभाई एका डब्यात साबणाचं पाणी आणि रंगाऱ्याचा झिजलेला ब्रश घेऊन हिंडायचे. सांध्यावर फेस फिरवला की गळतीच्या जागी बुडबुडा फुगायचा, आणि गनीभाईंच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याचं समाधान दिसायचं. वापरात नसलेलं पाइपाचं तोंड उघडं दिसलं तर त्यांचं डोकं फिरायचं. अशा तोंडाला लगेच बूच बसवायचं, त्याला ते डमी मारणं म्हणत, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पहिला धडा तोच दिला होता.

खरी मजा सुट्टीच्या दिवशी असायची. यंत्रं बंद, शेड चिडीचूप, आणि गनीभाई कुणी बोलावलं नसताना कॉम्प्रेसरच्या खोलीत स्टूल टाकून बसलेले. टाकी भरली की कॉम्प्रेसर गप्प व्हायचा, गळतीने दाब उतरला की पुन्हा धडधडायचा. तो किती वेळ गप्प राहतो यावरून कारखान्यात एकूण किती हवा गळतेय याचा त्यांना अंदाज यायचा. आणि एखादे वेळी तो आपल्या ठरल्या चालीच्या आधीच सुरू झाला, तर गनीभाई स्टुलावरून उठून थेट पलीकडच्या शेडमध्ये जायचे आणि एअर गनने अंगावरची धूळ उडवणाऱ्या वॉचमनला रंगेहाथ पकडायचे. याला बसल्या जागी कसं कळलं म्हणून वॉचमन चक्रावायचा. गनीभाई म्हणायचे, "गळती किती हाय ते मला पाठ हाय. त्याच्या वर जी हवा गेली, ती कुनीतरी घेतली."

घरीही त्यांच्या हातांना चैन नसे. बायको बिस्मिल्ला सोनईची. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं शिलाई मशीन गनीभाईंनी त्याच आठवड्यात खोलून सतरंजीवर मांडलं, तेव्हाच तिने ओळखलं की आपल्या वाट्याला कसला माणूस आलाय. मशीन पुन्हा जोडल्यावर आधीपेक्षा हलकं चालू लागलं, म्हणून ती गोष्ट तिने माहेरी सांगितली नाही. पुढे कुकर, इस्त्री, मिक्सर, मुलगा तौसीफची चावीची मोटार, सगळ्यांची आतडी त्या सतरंजीवर आली. एखादी वस्तू चालते एवढ्यावर गनीभाईंचं समाधान होत नसे. ती का चालते हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

मात्र कारखान्याची हवा राखणाऱ्या या माणसाने स्वतःच्या छातीकडे कधी पाहिलं नाही. ओतकामाची रेती आणि विड्या, दोघींनी मिळून फुप्फुसं पोखरली. निवृत्त झाल्यावर आधी सायकल सुटली, मग मशिदीपर्यंत चालणं सुटलं, आणि गेल्या थंडीत त्यांना बोलता बोलता झोप लागायला लागली तेव्हा तौसीफने पुण्याहून येऊन त्यांना नगरच्या एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. तिथे ते काही दिवस व्हेंटिलेटरवर होते.

त्या दिवसांतलं त्यांना फार आठवत नव्हतं. घशात नळी, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला एक यंत्र, जे त्यांचं ऐकत नव्हतं. श्वास हवा तेव्हा ते गप्प, आणि सोडायला जावं तर ते कोंबतंय. छातीच्या डॉक्टर रुचा मॅडमनी नंतर समजावलं की ते यंत्र रुग्णाच्या श्वासाची चाहूल घेतं आणि मग हवा देतं, पण तुमचा श्वास इतका क्षीण झाला होता की त्याला चाहूल लागत नव्हती. आम्हाला कळलं तसं आम्ही ते जुळवून दिलं. गनीभाईंनी मान हलवली, पण बोलता येऊ लागल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती हीच, की पुन्हा घशात नळी नको. मेलो तरी चालेल. बिस्मिल्ला तिथेच उभी होती. ते वाक्य ती घरी घेऊन गेली आणि तिला ते कुठे ठेवावं ते कळेना.

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळं सोपं करून सांगितलं. गनीभाईंची छाती हवा आत घेते, पण वापरलेली हवा पुरती बाहेर टाकू शकत नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड रक्तात साठतो, मग माणूस झोपाळतो, बरळतो आणि शेवटी जागाच होत नाही. म्हणून घरी एक छोटं यंत्र ठेवायचं, नाकातोंडावर मास्क लावायचा आणि झोपताना, मग ती रात्र असो की दुपार, त्याच्या आधाराने श्वास घ्यायचा. महिन्याने मनगटातून रक्त काढून कार्बन तपासायचा. उतरला तर देवच पावला. चढला तर पुन्हा भरती, आणि मग नळीशिवाय इलाज नाही. गनीभाईंच्या दृष्टीने त्यांच्या आणि त्या नळीच्या मध्ये आता एवढा एक मास्क होता.

यंत्र बसवायला सावेडीहून अनिमेष आला. आजोबा भिक्षुकी करत, वडील शाळेत मास्तर, आणि हा मोटारसायकलवर पेटी बांधून घरोघर श्वासाची यंत्रं बसवत फिरणारा. मुलगा गोड बोलायचा आणि चाचा, चाची म्हणायचा, त्यामुळे बिस्मिल्लाला तो आल्या आल्याच आवडला. गनीभाईंना यंत्र आवडलं. डब्याएवढं यंत्र, त्यातून एकच नळी निघून मास्कला येते. छातीला पट्टा नाही, बोटाला चिमटा नाही, आणि तरी गनीभाईंनी श्वास ओढायला सुरुवात केली की यंत्र नेमकं त्याच क्षणी मदतीला धावून येत होतं. दवाखान्यातल्या त्या बहिऱ्या यंत्रानंतर हे त्यांना अजब वाटलं. त्यांनी मास्क काढला आणि विचारलं, "मला श्वास पायजे हे ह्याला कळतं कसं?"

अनिमेष म्हणाला की आत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर आहे, तुम्ही ओढलं की प्रवाह वाढतो, त्यावरून त्याला कळतं. गनीभाईंचं समाधान झालं नाही. गालाशेजारून थोडी हवा तर निसटतच असणार. मग निसटलेली कुठली आणि ओढलेली कुठली, हे त्याने कसं ओळखायचं? अनिमेष म्हणाला, ते सगळं आतल्या आत हिशेबाने होतं. मग तो मास्कचे भाग एकेक करून दाखवायला लागला, पण प्रश्नाला बगल दिली म्हणून गनीभाई जरा खट्टू झाले होते. ते म्हणाले, "हवेचं मला नको शिकवू, पोरा. उभा जन्म हवेत गेला माझा." अनिमेषला पुढे कोपरगावला जायचं होतं आणि वडीलधाऱ्याला दोनदा सांगण्याची त्याला लाज वाटली. त्याने घाईने पडद्यावरचा गळतीचा आकडा दाखवला, तो जितका कमी तितका मास्क नीट बसलाय असं सांगितलं, यंत्रावर आपला फोन नंबर चिकटवला आणि निघाला. त्या दिवशी तो आणखी चार वाक्यं बोलला असता तर ही गोष्ट सांगण्याची वेळ आली नसती.

पुढचे काही दिवस गनीभाईंनी यंत्राची परीक्षा घेण्यात घालवले. ते खोलून बघायची त्यांना मनापासून इच्छा होती, पण तौसीफने फोनवरून आईला शपथ घातली होती की अब्बांच्या हाती पेचकस लागू द्यायचा नाही. तेव्हा त्यांनी बाहेरूनच चाचपणी सुरू केली. मास्क लावून श्वास रोखून धरला. यंत्राने थोडी वाट पाहिली आणि आपल्या मनाने एक श्वास दिला. अर्धाच श्वास ओढला, तर यंत्राने तोही ओळखला. नळीवर टिचकी मारली, तर क्वचित फसलं. एकदा जेवणानंतर उचकी लागली तर यंत्राने प्रत्येक उचकीला श्वास समजून हवा दिली, आणि गनीभाईंना हसू आलं तर त्या हसण्यालाही दिली. बिस्मिल्ला दारातून बघत होती. तिने विचारलं, हे औषध चाललंय का खेळ. गनीभाईंनी मास्क बाजूला करून गंभीरपणे सांगितलं की याला माणसाचं सगळं कळतं, पण हसणं आणि उचकी याला वेगळी ओळखता येत नाही.

त्यांची तब्येत सुधारत होती. सकाळी डोकं हलकं असायचं, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून व्हायचा. एकच खोट होती. मास्कला नळी जिथे जोडते त्या कोपऱ्यावर बारीक भोकांचं एक कडं होतं आणि त्यातून हवा अखंड सूं करत बाहेर पडत होती. बिस्मिल्लाची खाट शेजारीच, त्यामुळे तो गार झोत बरोबर तिच्या गालावर यायचा. ती तक्रार करणारी बाई नव्हती. कानाशी कुनी सारखं गप बस म्हनतंय असं वाटतं, एवढंच ती एकदा म्हणाली, आणि कूस बदलून पडून राहायची. पण तिचे डोळे ताठरलेले असायचे, आणि दुपारी भाजी निवडता निवडता ती पेंगायची. गनीभाईंना ते दिसत होतं. माझ्यापायी हिची झोप गेली, हे त्यांना आजारापेक्षा जास्त बोचत होतं.

आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. खुद्द गळतीच्या वैऱ्याच्या तोंडावर बांधलेलं यंत्र गळत होतं. त्यांनी साबणाचं पाणी केलं, जुना ब्रश शोधला आणि यंत्र चालू ठेवून तोंडावरच्या मास्कवर फेस फिरवला. गालापाशी एक बुडबुडा नाही, पट्टे त्यांनी तसे चापूनचोपून आवळले होते. पण त्या भोकांवर फेसाचा डोंगर उठला. भोकं नीट गोल होती, मुद्दाम पाडलेली दिसत होती, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. ते विचारात पडले. मग त्यांना वाटलं, इथे काहीतरी जोडायची सोय असणार, ऑक्सिजनची दुसरी नळी वगैरे, जी आपल्याला लागत नाही. न लागणारं तोंड उघडं राहिलं होतं, आणि अशा तोंडाचं काय करायचं हे गनीभाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

बिस्मिल्ला बाजाराला गेली होती. गनीभाईंनी एम-सीलची पुडी काढली, दोन्ही गोळे मळून एकजीव केले आणि भोकांच्या कड्यावर नखाने दाबून सुबक डमी मारली. मास्क खिडकीत उन्हाला ठेवला. वाळल्यावर तो तोंडावर चढवून यंत्र चालू केलं. साबण लावून पाहिला तर एक बुडबुडा नाही. पडद्यावरचा गळतीचा आकडा खाली खाली आला आणि शून्यावर थांबला. कारखान्यात सगळ्या नोकरीत त्यांना शून्य कधी बघायला मिळालं नव्हतं. ते त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि बिस्मिल्लाला मुद्दाम काही सांगितलं नाही. तिचं तिलाच कळू दे, असा त्यांचा बेत होता.

सकाळी ती उठली तीच मुळी उशिरा. चहा देताना म्हणाली, "आज लई दिवसांनी डोळा लागला." गनीभाई मिशीत हसले. त्यांचं स्वतःचं डोकं मात्र ठणकत होतं, पण ऊन लागलं असेल असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी ठणका वाढला. कप धरताना हात थरथरला. शिवाय एक विचित्र गोष्ट त्यांच्या लक्षात आली. यंत्र पुन्हा बहिरं व्हायला लागलं होतं. ते श्वास ओढत आणि यंत्र उशिरा, रुसल्यासारखं, हवा देई, कधी देतच नसे. गनीभाई याच्यावर विचार करायला बसले. गळती बंद झाली म्हणजे याला आपला श्वास जास्त स्वच्छ कळायला हवा. मग कमी का कळतोय? प्रश्न चांगला होता. पूर्वीचे गनीभाई असते तर उत्तर निघेपर्यंत जागचे हलले नसते. पण विचाराचं टोक हाती येता येता सुटत होतं, आणि ते टोक शोधताना त्यांना बसल्या बसल्या झोप लागत होती.

शेजारची रंगुबाई डोकावली आणि म्हणाली, चाचांच्या तोंडावर रंग आला बघ. खरंच त्यांचा चेहरा लालसर दिसत होता आणि हात उबदार लागत होते. बिस्मिल्लाला बरं वाटलं. तिलाही दोन रात्री पोटभर झोप मिळाली होती. नवऱ्याने सदरा उलटा घातला आणि जेवताना कॉम्प्रेसरचं तेल बदललं का म्हणून विचारलं, तेव्हा ती हसली, त्यांच्या चेष्टेची तिला सवय होती.

जेवून गनीभाई मास्क लावून आडवे झाले. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, अजान झाली की ते आपोआप उठत, कितीही गाढ झोप असली तरी. अजान झाली, संपली, ते उठले नाहीत. बिस्मिल्लाने हाक मारली. खांदा हलवला. त्यांनी घशात काहीतरी आवाज केला आणि मान पुन्हा पडली. ती त्यांच्या तोंडाजवळ वाकली, आणि वाकल्यावर तिला जाणवलं की आपण कशाची तरी वाट बघतोय. गालावर येणाऱ्या त्या गार झोताची. यंत्राचा दिवा लागलेला होता, नळी हलत होती, पण तिथून येणारी हवा येत नव्हती. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. रोज जे येत होतं ते आज येत नाही, एवढंच तिला कळलं, आणि तिने मास्कचे पट्टे ओरबाडून काढले.

यंत्रावरच्या नंबरावर तिने फोन लावला. अनिमेष म्हणाला, चाचांना उशीला टेकवून बसतं ठेवा, मास्क पुन्हा लावू नका, मी चारचाकी गाडी घेऊनच येतो. तो आला तोवर गनीभाई मधूनच डोळे उघडून मिटत होते. अनिमेषने मास्क उचलला, उलटा केला आणि भोकांच्या जागी करड्या रंगाचा तो गुळगुळीत लेप पाहून त्याचा चेहरा पडला. कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती. बिस्मिल्लाने बादलीच्या बुडाला, कुकरच्या दांड्याला, मोरीतल्या नळाला तोच लेप वर्षानुवर्षं पाहिला होता. अनिमेष हळूच म्हणाला, "चाची, वापरलेली हवा बाहेर जायला तेवढीच वाट होती." तिने पदर तोंडाशी धरला, मग अनिमेषच्या मदतीने नवऱ्याला उठवून गाडीत बसली.

दवाखान्यात रुचा मॅडमनी मनगटातून रक्त काढलं. कार्बन चांगलाच चढला होता, तोंडावरचा तो रंगही त्याचाच होता. त्यांनी नवा मास्क लावायला सांगितला, आणि घशात घालायच्या नळीचं सामानही पलंगाशेजारी आणून ठेवायला सांगितलं. बिस्मिल्लाला बाजूला घेऊन त्या स्पष्ट बोलल्या. मास्कवर शुद्धीवर येऊ लागले तर ठीक. नाही आले तर थांबता येणार नाही.

"ते नको म्हनले हुते," बिस्मिल्ला म्हणाली.

"मला माहीत आहे. म्हणून तर आधी मास्क लावून बघतेय."

बिस्मिल्लाने त्या सामानाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "लागली तर घाला नळी. त्यांचा राग मी सोसीन. पन मानूस ठेवा."

घरी नेलेलं ते वाक्य कुठे ठेवायचं, हे तिला आता कळलं होतं. ती पलंगाशेजारी बसली आणि हाताची मागची बाजू मास्कच्या भोकांसमोर धरली. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. आधी नुसता झोत लागला, सलग, घरच्यासारखा. थोड्या वेळाने तिला त्यात फरक कळायला लागला. झोत चालूच असायचा, पण नवरा श्वास सोडी तेव्हा तो जरा उबदार होई, आणि ओढी तेव्हा पुन्हा गार. यंत्राची हवा कुठली आणि तिच्या माणसाची कुठली, हे तिला हातावर वेगळं कळत होतं. उबदार झोत आधी उशिरा उशिरा येत होता, मग नियमित येऊ लागला. ती मोजत नव्हती, नुसती वाट बघत होती, आणि प्रत्येक वेळी तो आला की तिच्या जिवात जीव येत होता.

गनीभाई जागे झाले ते आवाजाने. कुठेतरी हवा गळत होती. डोळे उघडायच्या आधीच त्यांचा हात वर आला, चाचपडत मास्कच्या कोपऱ्यापर्यंत पोचला, आणि अंगठा नेमका भोकांवर जाऊन बसला. बिस्मिल्लाने उभ्या संसारात पहिल्यांदा नवऱ्याच्या हातावर चापट मारली. तशी गनीभाईंनी डोळे उघडले, आणि तिच्याकडे जे रागाने पाहिलं ते पुरत्या शुद्धीतल्या माणसासारखं पाहिलं. दारातून बघणाऱ्या रुचा मॅडमनी नर्सला ते सामान उचलायला सांगितलं. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा कार्बन उतरणीला लागला होता.

गनीभाई घरी आल्यावर अनिमेष भेटायला आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, चूक माझी आहे, भोकांबद्दल सांगायलाच हवं होतं. गनीभाई म्हणाले, तू सांगत हुतास, मी ऐकलं न्हाई, आता आत ये आणि माझा जुना सवाल राहिलाय तेवढा सोडव. भोकं वापरलेली हवा जायला आहेत, हे समजलं. पण बुजवल्यावर यंत्र बहिरं का झालं?

अनिमेषने या वेळी घाई केली नाही. तो म्हणाला की कुठल्या दाबाला त्या भोकांतून किती हवा जाते हे यंत्राला आधीपासून ठाऊक असतं. ती गळती ते हिशेबात धरूनच चालतं. त्याच्या वर जी हवा जाते, ती तुम्ही ओढलेली. तुम्ही भोकं बुजवलीत आणि त्याचा सगळा हिशेब कोलमडला. जी हवा जायलाच हवी ती जात नाही, मग तुम्ही घेतलेली कुठली हे ते कशावरून ओळखणार?

गनीभाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्यांना कॉम्प्रेसरची खोली दिसली, सुट्टीचा दिवस, स्टूल, आणि पलीकडच्या शेडमध्ये धूळ उडवणारा वॉचमन. जो हिशेब त्यांनी उमेदीची सगळी वर्षं स्टुलावर बसून केला, तोच हे डब्याएवढं यंत्र त्यांच्या उशाशी बसून करत होतं, आणि त्यांना तो ओळखता आला नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला आणि यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे हा माझ्याच खात्यातला मानूस निघाला." आणि अनिमेषला त्यांनी वॉचमनची सगळी हकिकत सांगितली, अगदी त्याच्या आडनावासकट.

अनिमेष गेल्यावर बिस्मिल्लाने मनातलं विचारलं. इतकी वर्षं सांधे बुजवले ते समजलं, पण स्वतःच्या नाकातोंडावरचं भोक बुजवायची बुद्धी कशी झाली?

गनीभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला झोप येत नव्हती."

बिस्मिल्ला खाटेच्या कडेवर टेकली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. म्हणाली, "मी त्या दोन रात्री गाढ झोपले. तुमी शेजारी बुडत हुते आन् मी घोरत हुते."

दुपारच्या झोपेची वेळ झाली होती. गनीभाई आडवे झाले, नवा मास्क चढवला, आणि यंत्र सुरू होताच ती भोकं पुन्हा सूं करू लागली. बिस्मिल्लाने हाताची मागची बाजू समोर धरून पाहिली, मग उठून आपली खाट ओढत आणखी जवळ आणली आणि उशी अशी फिरवली की झोत नेमका तिच्या गालावर यावा. गनीभाईंनी हाताने खूण केली, गार लागेल, लांब जा.

"लागू दे," ती डोळे मिटून म्हणाली. "तुमी हाय हे कळतं."

गनीभाईंच्या घशाशी हुंदका आला. यंत्राला त्यातलं काय कळणार, त्याने तो श्वास समजून त्यांना हवा दिली.